वसईची खारी हवा आणि आमची मोटार

वसई हें नांव निघालें कीं, आमच्या पिढीच्या लोकांच्या डोळ्यांपुढें प्रथम चिमाजी अप्पा उभे राहतात. मग १७३९ सालचा तो वेढा, सुरुंगांनीं ढासळलेला तट, फिरंग्यांच्या प्रार्थनामंदिरांतून उतरवून आपल्या देवळांतून टांगलेल्या घंटा, आणि शेवटीं १८०२ सालचा तो लाजिरवाणा तह. शाळेंत इतिहास शिकवीत असतां आम्हीही वसई मुलांपुढें याच क्रमानें मांडीत आलों. परंतु आमच्या घरांत वसई म्हटली कीं, इतिहास आठवत नसे. आठवे ती आत्याची वाडी. केळींची गर्द रांग, पानवेलींचा मांडव, विहिरीचें किंचित् मचूळ पाणी, आणि वाडीच्या तोंडाशीं पत्र्याच्या छपराखालीं उभी असलेली आत्याच्या यजमानांची मोटार, एवढें मिळून आमची वसई होत असे.

यजमान निवर्तल्यावर वाडी दिरांकडे गेली आणि आत्या ठाण्यास आमच्या एकत्र कुटुंबांत राहावयास आली. तिच्याबरोबर दोन ट्रंका, एक समई आणि ती मोटार एवढा संसार आला. मोटार जुनी, पंधरा वर्षांची पहिली नोंदणी संपून पुढें पांच-पांच वर्षांचें नूतनीकरणही तीनदां झालेलें. त्यांतून यजमानांच्या दुखण्याच्या काळांत ती कित्येक पावसाळे छपराखालीं जवळजवळ उभीच होती. ठाण्यास आल्यापासून तिनें आमच्या घरच्या हिशेबाच्या वहींत दर महिन्यास एक तरी ओळ अडविली. शेवटीं वडील बंधूंनीं, म्हणजे आमच्या दादांनीं, निर्णय दिला कीं, ही मोटार आतां भंगारांत द्यावी. मात्र आत्यास विचारल्यावांचून कांहीं करूं नये, म्हणून तिचें मत घेण्याची कामगिरी आमच्यावर सोंपविण्यांत आली. आम्ही तिच्या खोलींत गेलों, दोन मिनिटें बोललों, आणि बाहेर येऊन दादांस सांगितलें, "आत्याची हरकत नाहीं." तिची एकच इच्छा होती. कार्तिक वद्य एकादशीस निर्मळची यात्रा भरते. त्या यात्रेस एकदां त्या गाडींतून तिला न्यावें. यात्रा झाली कीं भंगारवाल्यास बोलवावयाचें, असें ठरलें.

मोटारीचें दुखणें काय होतें, तें वाचकांस प्रथम सांगितलें पाहिजे. कारण पुढील सर्व हकीकत त्यावरच आहे. दुखणें बॅटरीचें होतें. सामान्यतः बॅटरी दुखणाईत झाली म्हणजे गाडी सुरू होत नाहीं. येथें तसें नव्हतें. गाडी पहिल्या हांकेस सुरू होई. परंतु बॅटरीचें पाणी पंधरा-पंधरा दिवसांत आटे, तिच्या बुचांभोंवतीं ओल दिसे, तारांच्या टोकांवर पांढरट-हिरवट भुकटी जमे, आणि दिव्यांचे गोळे वरचेवर जळत. ठाण्यांतील एका गॅरेजांत दाखविलें. त्यांनीं प्रथम बॅटरी बदलली. नवी बॅटरीही तशीच तापूं लागली, तेव्हां त्यांनीं रेग्युलेटर बदलला. त्यानेंही गुण येईना, तेव्हां सगळा अल्टरनेटरच बदलावा लागेल असें सांगून जो आंकडा त्यांनीं काढला, तो पाहूनच दादांनीं भंगाराचा निर्णय दिला होता.

एकादशीस पहाटे आम्ही निघालों. पुतण्या गाडी चालवीत होता, शेजारीं आम्ही, मागें आत्या आणि आमच्या सौभाग्यवती. ठाणें सोडून घोडबंदरच्या रस्त्यास लागलें म्हणजे डाव्या हातास येऊरच्या डोंगरांची रांग आणि उजव्या हातास खाडी अशी जोडी लाभते. अलीकडे दोन्ही बाजूंस उंचउंच इमारती उठल्यामुळें ती जोडी मधून मधूनच दिसते. पण गायमुखापाशीं डोंगर आणि खाडी रस्त्यास अगदीं भिडतात, आणि पहाटेच्या धुक्यांत तें स्थळ अजूनही जुनेंच वाटतें. त्या चढावर पुतण्या कौतुकानें म्हणाला, "काका, दिवे पाहा कसे! दिवस उजाडल्यासारखा उजेड आहे." आम्हींही मान डोलाविली. पुढें घटकाभरांत उजव्या बाजूचा तो दिवस एकाएकीं मावळला. गोळा जळाला होता. अति तेजाचा हा शेवट आम्हीं डोळ्यांनीं पाहिला, पण त्याचा अर्थ तेव्हां ध्यानांत आला नाहीं.

घोडबंदरपाशीं अहमदाबादचा हमरस्ता लागतो. तेथून उजवीकडे वळून खाडीवरील पूल ओलांडला कीं, आपण वसईच्या मुलखांत येतों. हा मुलूख १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत मोडतो, आणि वसई, नालासोपारें, विरार वगैरे गांवें मिळून २००९ सालीं येथें महानगरपालिका झाली. परंतु या नव्या नांवांखालचा भूगोल जुना आहे. वसई हें एके काळीं खरोखरीच बेट होतें. सोपाऱ्याच्या खाडीनें तिला मुख्य भूमीपासून वेगळें केलें होतें. आजही खाडीच्या कांठीं मिठागरें दिसतात, आणि मुलखाच्या पश्चिमेस सरळ समुद्र. उजव्या हातास तुंगारेश्वराचा डोंगर ठेवीत आम्ही वसई फाट्यापर्यंत आलों, डावीकडे वळलों, रेल्वे ओलांडून जुन्या वसईच्या बाजूस लागलों, आणि कांचा खालीं करतांच तो खारा वारा आंत आला. आत्या मागून म्हणाली, "आली वसई." त्या दोन शब्दांवर तिनें डोळे मिटून घेतले.

पापडीच्या अलीकडे तिनें ते उघडले ते निराळ्या कारणानें. "अरे, हा कसला वास? कुजक्या अंड्यासारखा!" आमच्या स्वयंपाकघरांत हा पदार्थ कधीं आला नाहीं, पण पन्नास वर्षें सर्व जातींच्या शेजाऱ्यांत नांदलेल्या आत्यास त्या वासाची ओळख होती. पुतण्यानें गाडी कडेस घेऊन पुढचें झांकण उघडलें. बॅटरीच्या पेटीस हात लाववेना इतकी ती तापली होती, तिच्या बाजू किंचित् फुगल्या होत्या, आणि बुचांशीं बारीक बुडबुड्यांचा आवाज येत होता. जवळच्या टायरवाल्यानें सांगितलें कीं, चार दुकानें पुढें एक इलेक्ट्रिशियन आहेत, त्यांना दाखवा; आणि येथें कोणी विडी पेटवूं नका.

ते गृहस्थ आमच्याच वयाचे, वसईचेच कुपारी ख्रिस्ती. या भागांतील एक गोष्ट बाहेरच्या वाचकांस नवल वाटेल अशी आहे: येथील सामवेदी ब्राह्मण आणि कुपारी ख्रिस्ती यांची घरची बोली एकच. तिला कादोडी किंवा सामवेदी म्हणतात. धर्म निराळे झाले, शतकें लोटलीं, पण बोली तुटली नाहीं. आत्यास ती चांगली समजते. तिनें खुर्चीवर बसतां बसतां त्या बोलींत दोन वाक्यें टाकलीं मात्र, आणि त्या गृहस्थांनीं तिची वाडी, तिचे यजमान आणि ती मोटार तिघांनाही ओळखलें. मग आम्हांकडे वळून ते म्हणाले, "मास्तर, गाडी आधीं थंड होऊं द्या. घाई केली तर ही फुटेल."

हें भय उगाच नव्हतें. मोटारीची बॅटरी म्हणजे शिशाच्या पत्र्यांचीं आणि गंधकाम्लाच्या पाण्याचीं सहा घरें. ही रचना फ्रान्समध्यें गास्तों प्लांते यानें १८५९ सालीं सिद्ध केली, आणि तिचें मूळ तत्त्व अद्यापि तेंच आहे. अशा बॅटरींत ती सोसेल त्याहून अधिक विद्युत् भरली कीं, ती सांठविली जात नाहीं. ती पाण्याचें पृथक्करण करूं लागते. पाण्यांतून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायु मोकळे होतात, पाणी आटतें, पेटी तापते. हवेंत शेंकडा चार भाग हायड्रोजन झाला तरी एका ठिणगीनें तो पेटूं शकतो. कुजका वास येतो तो गंधकाच्या दुसऱ्या एका वायूचा. तो आला म्हणजे बॅटरीचा छळ फार दिवस चालला आहे असें समजावें. सारांश, आमच्या मोटारीस उपासमार झाली नव्हती, अजीर्ण झालें होतें. आणि आम्ही सर्व जण इतके दिवस दिव्यांचा लखलखाट पाहून तिची प्रकृति उत्तम आहे असें समजत होतों.

गाडी निवेपर्यंत त्यांनीं आम्हांस अल्टरनेटरचें काम समजावून दिलें. आम्ही जन्मभर दुसऱ्यांस समजावीत आलों. त्या दिवशीं एका लोखंडी स्टुलावर बसून शिष्य झालों. लोहचुंबक तारांच्या वेटोळ्यांजवळ फिरविला कीं, वेटोळ्यांत विद्युत् उत्पन्न होते, हें मायकेल फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलें. अल्टरनेटरांत इंजिनाच्या पट्ट्यानें असाच चुंबक फिरतो. इंजिन जों जों वेगानें फिरेल तों तों विद्युत् अधिक. परंतु हा चुंबक कायमचा नसतो. त्याच्या गुंडाळींतून थोडा प्रवाह सोडला तरच त्यास चुंबकत्व येतें. तो थोडा प्रवाह किती सोडावयाचा हें ठरवितो रेग्युलेटर. बॅटरीचा दाब कमी दिसला कीं तो चुंबकास प्रवाह अधिक देतो, दाब पुरेसा झाला कीं हात आंखडतो. घरांतला कारभारी कोठीच्या किल्ल्या संभाळतो तसें त्याचें काम. जुन्या मोटारींत हा कारभारी अल्टरनेटरपासून वेगळा, एका लहानशा पेटींत बसविलेला असतो. आमच्या मोटारींत तो तसाच होता.

"आतां मोजूं," म्हणून त्यांनीं मल्टिमीटर काढला. आधीं इंजिन बंद ठेवून दिवा पांच मिनिटें जळूं दिला. नुकत्याच चाललेल्या गाडीच्या बॅटरीवर वरवरची भरती असते. ती उतरल्यावांचून खरें माप मिळत नाहीं. मग दिवा विझवून पाहिलें तों १२.६ व्होल्ट. भरलेल्या, धडधाकट बॅटरीचें स्वस्थ असतांचें माप हेंच. म्हणजे तिचें एखादें घर मेलेलें नव्हतें. घरांतील पाणी मात्र फार खालीं गेलें होतें. तेथें पत्रे बुडण्यापुरतें डिस्टिल्ड पाणी घालून मग त्यांनीं इंजिन सुरू करविलें. इंजिन मंद फिरत असतां १४.६, आणि पुतण्यानें वेग वाढवितांच आंकडा चढत जाऊन १५.९ वर थांबला. चांगल्या गाडींत हें माप सामान्यतः १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असावें. एका घरास सुमारें २.४ व्होल्टांहून अधिक दाब झाला कीं वायु जोरानें सुटूं लागतो. सहा घरांचे झाले १४.४. आमची गाडी त्याच्या पुढें दीड व्होल्ट गेली होती.

आम्ही म्हणालों, "म्हणजे कारभारीच बिघडलेला."

"तो तर नवा आहे ना? तुमच्या गॅरेजवाल्यांनीं हेंच म्हणून तो बदलला. आतां अल्टरनेटर बदला म्हणतात. पण मास्तर, देणाऱ्याला हिशेब विचारण्याआधीं त्याला निरोप काय मिळतो तें पाहावं."

हें वाक्य त्यांनीं सहज उच्चारलें आणि ते पुन्हां गाडीवर वांकले. रेग्युलेटर बॅटरीस स्वतः पाहत नाहीं. बॅटरीपासून निघालेली तार किल्लीच्या स्विचमधून, मग फ्यूजपेटींतून फिरत फिरत त्याच्यापर्यंत येते, आणि त्या तारेवर जो दाब पोहोंचतो तोच बॅटरीचा दाब, असें धरून तो चालतो. म्हणून त्यांनीं दोन मापें घेतलीं, तींही इंजिन वेगानें चालू ठेवून. पहिलें जमिनीचें, म्हणजे ज्यास कारागीर अर्थिंग म्हणतात त्याचें: मीटरची एक तार बॅटरीच्या उणे टोकास, दुसरी रेग्युलेटरच्या पत्र्यास. आंकडा शून्याजवळच राहिला; तेथें दोष नाहीं. दुसरें माप अधिक बाजूचें: एक तार बॅटरीच्या अधिक टोकास, दुसरी रेग्युलेटरमध्यें शिरणाऱ्या तारेच्या टोकास. मीटरवर १.७ असा आंकडा आला.

पाटीपेन्सिल लागूं नये इतकें सोपें हें गणित. बॅटरीवर १५.९, वाटेंत १.७ गळाले, कारभाऱ्यापर्यंत पोहोंचले १४.२. त्याच्या दृष्टीनें सर्व यथास्थित होतें. चौदा पूर्णांक दोन हें त्याचें कर्तव्य, आणि तें तो एकनिष्ठेनें बजावीत होता. बॅटरी उकळत होती, दिवे जळत होते, आणि त्याच्याकडे येणारी वार्ता एवढीच कीं, कोठींत धान्य बेताचेंच आहे. नवा रेग्युलेटर आणला, त्यासही तीच वार्ता मिळाली, म्हणून त्यानेंही तेंच केलें. नवा अल्टरनेटर आणला असता तर तोही याच कारभाऱ्याच्या हुकमानें चालला असता, आणि पैसे मात्र गेले असते.

पुढें वाट शोधणें उरलें. बॅटरीजवळची मीटरची तार तेथेंच ठेवून दुसरी तार ते एकेक टप्पा पुढें नेत गेले. स्विचच्या अलीकडे जवळजवळ शून्य. स्विचच्या पलीकडे एक दशांश. फ्यूजपेटींत शिरतांना तेवढेंच. फ्यूजच्या दुसऱ्या टोकास १.६! बोट लावून पाहिलें तों तेथील पितळी चिमटा चटका बसण्याइतका गरम. इंजिन बंद करून त्यांनीं फ्यूज उपटला आणि आमच्या तळहातावर ठेवला. तो जळालेला नव्हता; परंतु ज्या चिमट्यांत तो बसे तो चिमटा, घांसल्यावांचून वर्षानुवर्षें माळ्यावर पडलेल्या पितळी भांड्यासारखा, हिरवा कळकलेला होता. त्या कळंकांतून वाट काढतांना विद्युताचा दीड व्होल्ट खर्ची पडत होता.

"ही वसईची हवा," आत्या खुर्चींतून म्हणाली. "आमच्या घरचीं कुलपं दोन वर्षांत उघडेनाशीं व्हायचीं." तें खरेंच होतें. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांत मिठाचे सूक्ष्म कण असतात. ते धातूवर बसून दमट हवेंतील पाणी ओढून घेतात, आणि त्या खाऱ्या ओलाव्यांत लोखंड गंजतें, तांबें-पितळ कळकतें. मोटार रोज चालती तर इंजिनाच्या उष्णतेनें ती ओल उडून जाती. परंतु यजमान अंथरुणास खिळले ते पावसाळे ती छपराखालीं उभी राहिली, आणि त्या मुक्या दिवसांनीं आपली खूण त्या चिमट्यावर ठेविली. दोष वसईहून ठाण्यास आला होता. त्याचा शोध लागावा म्हणून त्यास पुन्हां वसईसच यावें लागलें.

दुरुस्तीस तासाहून अधिक लागलें नाहीं. बॅटरीची उणे तार प्रथम सोडविली. कळकलेला चिमटा काढून नवा बसविला, त्याजवळची तार लखलखीत तांबें दिसेपर्यंत मागें कापून तिला नवी कडी दाबून डाग दिला, बाकीचे चिमटे पॉलिश पेपरनें घांसले, आणि सर्वांवर व्हॅसलीनचा पातळ हात फिरविला, म्हणजे खारी हवा पुन्हां सहजासहजीं शिरूं नये. बॅटरीच्या टोकांवरील भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुतली. त्या वेळीं बुचें घट्ट लावलीं आहेत हें दोनदां पाहिलें, कारण सोडा आंत गेला तर आम्लाचा नाश होतो. मग पुन्हां मापें. वाटेंतील गळती एक दशांश. बॅटरीवर १४.३. दिवे, पंखा, सर्व कांहीं चालू करूनही १४.१. पुतण्यानें इंजिन कितीही गर्जविलें तरी आंकडा जागचा हलला नाहीं. त्यांनीं मागितले ते एका चिमट्याचे, एका दिव्याच्या गोळ्याचे आणि तासाभराच्या मजुरीचे. मात्र बॅटरीविषयीं स्पष्ट सांगितलें कीं, तिनें सोसलें आहे तें भरून निघणार नाहीं. तिची बाजू आणखी फुगली तर ती लगेच काढून टाकावी, पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहूं नये.

दुपारीं आम्ही निर्मळास पोहोंचलों. येथें टेकाडावर शंकराचार्यांच्या परंपरेंतील एका यतींची समाधि आहे, आणि शेजारीं विस्तीर्ण तलाव. विमलासुर आणि परशुराम यांच्या कथेशीं या तीर्थाचें नांव जोडलेलें आहे. थोड्याच अंतरावर होली क्रॉस हें ख्रिस्ती लोकांचें जुनें प्रार्थनामंदिर आहे. यात्रेच्या गर्दींत दोन्ही समाजांचे लोक एकाच दुकानांत सुकेळीं घेतांना दिसतात. राजेळी जातीचीं केळीं सोलून, उन्हांत वाळवून केलेलीं हीं सुकेळीं म्हणजे या मुलखाचा खरा मेवा. आत्या पायऱ्या चढेल कीं नाहीं अशी आम्हांस शंका होती. ती मध्यें तीनदां थांबून चढली. दर्शन झाल्यावर तलावाच्या कांठीं सावलींत बसली, आणि सुकेळ्याचा पुडा सोडतां सोडतां म्हणाली, "पंचेचाळीस वर्षं दर एकादशीला इथं आलों. आधीं एस. टी.नं, मग ह्या गाडीनं. शेवटच्या वर्षीं त्यांना चालवत नव्हतं, तरी गाडी सुरू करून छपराखालींच बसायचे."

आम्हीं विचारलें, "मग गाडी काढून टाकायला तूं हरकत नाहीं म्हणालीस ती कशी?"

ती आमच्याकडे पाहतच राहिली. "मी तसं कुठं म्हटलं? तुम्हांला सगळ्यांना खर्च जड होत असेल तर माझ्यासाठीं ठेवूं नका, असं म्हटलं होतं."

या उत्तरानें आम्ही चपापलों. तिनें सांगितलें तें हेंच होतें; आतां तें शब्दशः आठवलें. पण तिच्या खोलीपासून दादांच्या ओसरीपर्यंतच्या वीस पावलांत आम्हीं त्यांतील "जर" आणि "तर" गाळून टाकले होते. दादा निष्ठुर नव्हते. त्यांस मिळालेल्या वार्तेवरून त्यांनीं दिला तो निर्णय योग्यच होता. दीड व्होल्ट गळाला होता तो आमच्यापाशीं. पापडीस तो हिरवा चिमटा आमच्याच तळहातावर कां ठेवण्यांत आला, याचें तेव्हां आम्हांस हंसूं आलें आणि थोडी लाजही वाटली.

परततां परततां तिसऱ्या प्रहरीं किल्ल्यांत गेलों. फिरंग्यांनीं १५३४ सालच्या तहानें हा प्रदेश गुजरातच्या बहादूरशहाकडून घेतला आणि दोनशे वर्षें येथें नांदले. गोन्सालो गार्सिया येथेंच जन्मले. ते १५९७ सालीं जपानांत नागासाकी येथें धर्मासाठीं मारले गेले, आणि १८६२ सालीं त्यांस संतपद मिळालें. प्रार्थनामंदिरांच्या छपरांवेगळ्या भिंती, त्यांतून उगवलेले वृक्ष, आणि या सर्वांमध्यें चिमाजी अप्पांचा पुतळा, असा तो देखावा आहे. दगड अद्यापि ताठ उभा आहे. जेथें जेथें लोखंड उरलें आहे तेथें मात्र खाऱ्या वाऱ्यानें आपलें काम केलेलें दिसतें. या खेपेस आम्ही इतिहासापेक्षां तेंच अधिक पाहत होतों.

आतां ज्यांच्या घरीं मोटार आहे अशा वाचकांसाठीं दोन शब्द. बॅटरीचें पाणी लवकर आटूं लागलें, गोळे वरचेवर जळूं लागले, तर चार्जिंग उत्तम आहे असें समजून समाधान मानूं नये. माप करवून घ्यावें. मीटर बॅटरीवर लावूनच थांबणाऱ्या कारागिरास रेग्युलेटरपर्यंतच्या वाटेंतील गळतीही मोजावयास नम्रपणें सांगावें. इंजिन चालू असतां बॅटरीची तार काढून अल्टरनेटरची परीक्षा करण्याची एक रीत पुष्कळ ठिकाणीं आढळते. ती डायनामोच्या काळची आहे. अल्टरनेटरांत तसें केल्यास दाब एकदम उसळून आंतील नाजूक भाग जळतात. आमच्या गाडीवर हा प्रयोगही होऊन गेला होता. ती वांचली हें तिचें भाग्य. अलीकडच्या मोटारींत रेग्युलेटर बहुधा अल्टरनेटरच्याच पोटांत असतो, आणि कित्येकांत गाडीचा संगणक दाब मुद्दाम कमी-अधिक करतो. तेथें आमच्या गाडीचे आंकडे जसेच्या तसे लावूं नयेत, त्या गाडीच्या पुस्तिकेंतील पाहावे. तरीही गंजलेल्या सांध्याचा संशय प्रथम घ्यावा आणि महाग वस्तु शेवटीं बदलावी, हा क्रम तेथेंही सोडूं नये.

घोडबंदरच्या चढावर रात्र झाली. दोन्ही दिवे लागले होते. सकाळच्यासारखे डोळे दिपविणारे नव्हेत, पण वाट दाखविण्यास पुरेसे. घरीं पोहोंचल्यावर हातपाय धुतले आणि सरळ दादांच्या ओसरीवर गेलों. आत्याचें म्हणणें या खेपेस तिच्याच शब्दांत, "जर" आणि "तर" यांसह सांगितलें, आणि मागची आमची चूकही सांगितली. दादा क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनीं दुरुस्तीस किती लागले तें विचारलें, हिशेबाच्या वहींत ती रक्कम लिहिली, आणि उद्यां येणाऱ्या भंगारवाल्यास येऊं नको असें कळविण्यास पुतण्यास सांगितलें. आत्या तेव्हां आंत मुलांस सुकेळीं वांटीत होती.